तिरंग्याचा अर्थ : तीन उत्तरे आणि एक रस्ता

'तिरंग्यातल्या रंगांचा अर्थ काय?' हा साधा प्रश्न मी गेली काही वर्षे आमच्या कोहमाऱ्यात आणि आसपासच्या गावांत विचारत आलो आहे. कोहमारा हे गोंदिया जिल्ह्यातील सडक अर्जुनी तालुक्याचे, चौफुलीवरचे गाव. मुंबईहून कोलकात्याकडे जाणारा महामार्ग आणि गोंदियाहून गोरेगावमार्गे नवेगावबांध, अर्जुनी मोरगावकडे जाणारा रस्ता येथे एकमेकांना छेदतात. त्यामुळे चौकात उभे राहिले की धानाचा शेतकरी, तेंदूपत्त्याचा मजूर, शाळामास्तर, ट्रकचालक, आठवडी बाजाराला निघालेल्या बाया असे सगळ्या थरांतले लोक भेटतात. प्रश्न एकच विचारला, तरी उत्तरे तीन मिळाली.

पहिले उत्तर असे : भगवा हिंदूंचा, हिरवा मुसलमानांचा आणि पांढरा बाकी सगळ्यांचा. हे उत्तर सर्वांत जास्त वेळा मिळते आणि हल्ली ते जरा जोरात दिले जाते. दुसरे उत्तर शाळेतल्या मुलांचे : केशरी म्हणजे त्याग, पांढरा म्हणजे शांती, हिरवा म्हणजे समृद्धी. तिसरे उत्तर बौद्ध वस्त्यांमध्ये मिळते. तेथे रंगांबद्दल फारसे बोलणे होत नाही. ते थेट मधल्या चक्राबद्दल बोलतात, आणि ते चक्र बाबासाहेबांनी दिले असे अभिमानाने सांगतात.

या तिन्ही उत्तरांना इतिहासात जागा आहे. पण प्रत्येक उत्तराला स्वतःची एक तारीख आहे, आणि ती तारीख काढून घेतली की उत्तर भलतीकडे जाते. प्रस्तुत लेखात मी या तिन्ही उत्तरांच्या तारखा लावून पाहणार आहे. त्यानंतर एका चौथ्या उत्तराकडे वळायचे आहे. ते मला कोणीही दिले नाही, आणि नेमके तेच आपल्या जुन्या मध्यप्रांताच्या भूमीवर घडलेले आहे.

झेंड्याआधीचे झेंडे

महाराष्ट्राला निशाणांचे अप्रूप नाही. मराठ्यांचा भगवा झेंडा आणि जरीपटका, वारकऱ्यांच्या खांद्यावरची पताका, पाडव्याची गुढी, देवळाच्या शिखरावरचे फडके. उंच काठीला कापड बांधून 'हे आमचे' असे सांगण्याची रीत आपल्याकडे फार जुनी आहे. परंतु ही सगळी निशाणे राजाची, देवाची, पंथाची किंवा घराची होती. सबंध देशाचे एक निशाण असावे आणि ते कोणा राजाचे नसून लोकांचे असावे, ही कल्पना आपल्याकडे विसाव्या शतकातच रुजली.

वंगभंगाच्या चळवळीत, ७ ऑगस्ट १९०६ रोजी, कोलकात्याच्या पारशी बागान चौकात एक तिरंगी झेंडा फडकावला गेल्याचे सांगितले जाते. पुढच्याच वर्षी, २२ ऑगस्ट १९०७ रोजी, जर्मनीतील श्टुटगार्ट येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय समाजवादी परिषदेत मादाम भिकाईजी कामा यांनी हिंदुस्थानचा झेंडा जगापुढे धरला. त्यावर कमळे होती, 'वंदे मातरम्' ही अक्षरे होती, सूर्य आणि चंद्रकोरही होती. हा झेंडा पुढे इंदुलाल याज्ञिकांनी भारतात आणला. तो पुण्याच्या केसरीवाड्यात आजही जपलेला आहे. पुण्याला जाणाऱ्या वाचकाने तो अवश्य पाहावा.

त्यानंतर १९१७ च्या सुमारास लोकमान्य टिळक आणि ॲनी बेझंट यांच्या होमरूल चळवळीचा झेंडा आला. त्यावर पाच तांबडे आणि चार हिरवे पट्टे, सप्तर्षींचे सात तारे आणि कोपऱ्यात चक्क इंग्रजांचा युनियन जॅक होता. आज हे पाहून आश्चर्य वाटते. पण त्या वेळची मागणी साम्राज्यात राहून स्वराज्य मिळवण्याची होती, आणि झेंड्याने ती प्रामाणिकपणे सांगितली. झेंडा त्या त्या काळाच्या मागणीचा आरसा असतो. मागणी बदलली की झेंडाही बदलतो.

पहिले उत्तर : १९२१

रंग म्हणजे धर्म, हे उत्तर १९२१ सालचे आहे. मार्च-एप्रिल १९२१ मध्ये बेझवाडा, म्हणजे आजचे विजयवाडा, येथे अखिल भारतीय काँग्रेस समितीची बैठक भरली. आंध्रातील पिंगली व्यंकय्या हे गृहस्थ कित्येक वर्षे राष्ट्रीय झेंड्याच्या ध्यासाने फिरत होते. १९१६ साली त्यांनी या विषयावर पुस्तकही काढले होते. त्यांनी गांधीजींपुढे तांबडा आणि हिरवा अशा दोन रंगांचा झेंडा ठेवला. त्यावर चरखा असावा ही सूचना जालंधरच्या लाला हंसराजांची, आणि तिसरा पांढरा पट्टा घालावा ही गांधीजींची.

याच महिन्यात गांधीजींनी 'यंग इंडिया'त लेख लिहून झेंड्याचा अर्थ सांगितला. तांबडा हिंदूंचा, हिरवा मुसलमानांचा आणि पांढरा इतर सर्व धर्मीयांचा. येथपर्यंत आपल्या चौकातले उत्तर बरोबर जुळते. पण त्या झेंड्यातील पट्ट्यांचा क्रम मात्र आज कोणाच्या लक्षात नाही. सर्वांत वर पांढरा, मध्ये हिरवा आणि सर्वांत खाली तांबडा. जे संख्येने सर्वांत थोडे ते वर, जे सर्वांत जास्त ते खाली; थोरल्याने धाकट्यांना आपल्या आधारावर उचलून धरावे, असा त्यामागचा विचार होता. आणि तिन्ही पट्टे सारख्या रुंदीचे, म्हणजे मान सर्वांना सारखा.

म्हणजे ज्या काळी रंगांना धर्म चिकटवलेले होते, त्या काळीही हक्काची वाटणी करून घ्यावी असा त्याचा हेतू नव्हता. मोठ्या समाजावर टाकलेली ती जबाबदारी होती. आज पहिले उत्तर देणारे लोक १९२१ ची अर्धी गोष्ट सांगतात आणि ही अर्धी गाळतात.

शिवाय हा अर्थ फार काळ टिकलाही नाही. रंग धर्मांचे म्हटल्यावर प्रत्येकाने आपला रंग शोधणे ओघानेच आले. शीख पुढाऱ्यांनी विचारले, आमचा रंग कोठे आहे? त्यांचे विचारणे रास्त होते. धर्मागणिक एक पट्टा घालायचा म्हटले तर या देशाच्या झेंड्याची रुंदी कोणत्या काठीला पुरली असती?

दुसरे उत्तर : १९३१

या प्रश्नाचा निकाल लावण्यासाठी एप्रिल १९३१ मध्ये कराचीला काँग्रेसने सात जणांची झेंडा समिती नेमली. वल्लभभाई पटेल, जवाहरलाल नेहरू, मौलाना आझाद, मास्टर तारासिंग, पट्टाभि सीतारामय्या, डॉ. ना. सु. हर्डीकर आणि काका कालेलकर. यातले काकासाहेब साताऱ्यात जन्मलेले. डॉ. हर्डीकर हुबळीचे, हिंदुस्थानी सेवादलाचे संस्थापक. त्यांचे नाव पुढे पुन्हा येईल.

या समितीने लोकांची मते मागवली आणि अनपेक्षित शिफारस केली : सगळा झेंडा एकाच केशरी रंगाचा असावा आणि त्यावर तांबूस तपकिरी चरखा असावा. हेतू असा की रंगांची वाटणीच राहू नये. वाचकांपैकी काहींना हे वाचून गंमत वाटेल. एकरंगी केशरी झेंड्याची शिफारस करणाऱ्या समितीत मौलाना आझाद आणि नेहरू होते, आणि त्यांची दृष्टी रंग धर्मापासून सोडवण्याची होती. पण ऑगस्ट १९३१ मध्ये मुंबईला भरलेल्या काँग्रेस समितीने ही शिफारस मान्य केली नाही. दहा वर्षे ज्या तिरंग्यासाठी माणसांनी लाठ्या खाल्ल्या होत्या, तो एकाएकी टाकून देणे लोकांना पटण्यासारखे नव्हते. शेवटी तीन रंग राहिले; तांबड्याच्या जागी केशरी आला आणि तो खालून वर गेला, पांढरा मध्ये आला, त्यावर निळा चरखा आला आणि हिरवा खाली गेला.

ठरावात एक वाक्य मुद्दाम घातले गेले. या रंगांना जातीय अर्थ नाही. केशरी म्हणजे धैर्य आणि त्याग, पांढरा म्हणजे सत्य आणि शांती, हिरवा म्हणजे श्रद्धा आणि शौर्य, आणि चरखा म्हणजे सर्वसामान्य जनतेची आशा. आमच्या शाळेतल्या मुलांचे उत्तर येथून आले आहे. हिरव्याला समृद्धी आणि भूमी हा अर्थ पुढे मिळाला. १९४७ साली घटना समितीत बोलताना डॉ. राधाकृष्णन यांनी हिरव्याचे नाते माती आणि वनस्पतीशी जोडले होते. आमच्या धानाच्या मुलखातल्या मुलांना तो अर्थ सहज पटतो, यात नवल नाही.

तात्पर्य, रंग म्हणजे धर्म हा अर्थ १९२१ मध्ये दिला गेला आणि १९३१ मध्ये विचारपूर्वक, ठराव करून मागे घेतला गेला. मागे घेतलेले चलन बाजारात चालवू नये, एवढे तर आपल्याला कळते. झेंड्याच्या बाबतीत मात्र नव्वदांहून अधिक वर्षांपूर्वी मागे घेतलेला अर्थ आपण अजून चालवतो आहोत.

तिसरे उत्तर : १९४७

आता चक्राकडे वळू. जून १९४७ मध्ये घटना समितीने डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या अध्यक्षतेखाली झेंड्यासाठी एक लहान समिती नेमली. तीत मौलाना आझाद, सरोजिनी नायडू, राजगोपालाचारी, क. मा. मुन्शी यांच्याबरोबर डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. म्हणजे बौद्ध वस्तीतल्या उत्तराला आधार आहे. चक्राच्या कल्पनेचे श्रेय कधी बद्रुद्दीन तय्यबजी आणि त्यांच्या पत्नी सुरैया यांनाही दिले जाते. निर्णय समितीचा आणि शेवटी घटना समितीचा. पण ज्या समितीने चरख्याच्या जागी अशोकाचे चक्र आणले तीत बाबासाहेब बसले होते, हे निर्विवाद आहे.

२२ जुलै १९४७ रोजी नेहरूंनी घटना समितीत झेंड्याचा ठराव मांडला. सभागृहाला दाखवण्यासाठी त्यांनी दोन झेंडे आणले होते, एक रेशमी खादीचा आणि एक सुती खादीचा. चरख्याचे चित्र एका बाजूने एक आणि दुसऱ्या बाजूने उलटे दिसते, झेंडा दोन्ही बाजूंनी सारखा दिसायला हवा, ही व्यवहारातली अडचण त्यांनी सांगितली. म्हणून चरख्याचे नुसते चाक ठेवायचे ठरले, आणि ते सारनाथच्या सिंहस्तंभावरील चक्राच्या नमुन्याचे.

मी हा ठराव अनेकदा वाचला आहे, आणि त्यातील एका गोष्टीकडे वाचकांचे लक्ष वेधावेसे वाटते. पांढऱ्या पट्ट्यावरचे निळे चक्र हे चरख्याचे प्रतीक आहे आणि त्याचा आकार अशोकाच्या चक्राचा आहे, असे ठरावात स्पष्ट म्हटले आहे. म्हणजे त्या एकाच चक्रात विणकराच्या घरातले चाक आहे आणि सम्राट अशोकाचे धम्मचक्रही आहे. रंगांचे अर्थ मात्र ठरावात मुळीच दिलेले नाहीत. तेथे फक्त गडद केशरी, पांढरा, गडद हिरवा, तिन्ही सारखे, आणि लांबी-रुंदीचे साधारण प्रमाण तीनास दोन, एवढेच आहे. अर्थ सांगितले ते भाषणांतून. ज्यांनी झेंडा दिला त्यांनी अर्थाची जागा बऱ्याच अंशी मोकळी ठेवली.

गांधीजींना मात्र चरखा गेल्याचे वाईट वाटले आणि ते त्यांनी लपवले नाही. चरख्याची खूण नसेल तर अशा झेंड्याला मी वंदन करणार नाही, इतक्या थराला ते गेले होते.

त्या दिवशीच्या चर्चेत आपल्या मध्यप्रांत-वऱ्हाडातून निवडून गेलेल्या हरि विष्णु कामथांची एक दुरुस्ती होती. चक्रामध्ये स्वस्तिक असावे अशी. झेंडा प्रत्यक्ष पाहिल्यावर त्यांनी ती मांडली नाही. पण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते जयपालसिंग मुंडा यांचे भाषण. आदिवासींच्या वतीने बोलताना त्यांनी सांगितले की आदिवासी मुलखात गावागावाचा स्वतःचा झेंडा असतो आणि तो दुसऱ्या कोणाला उचलता येत नाही. यापुढे आदिवासींचे दोन झेंडे असतील, एक हजारो वर्षांपासूनचा आपला आणि दुसरा हा राष्ट्राचा, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. एक झेंडा स्वीकारताना दुसरा खाली ठेवावा लागत नाही, ही गोष्ट त्या दिवशी याहून सोप्या रीतीने कोणी सांगितली नाही.

गोंदिया जिल्ह्यात राहणाऱ्याला हे समजायला पुस्तकाची गरज नाही. सालेकसा तालुक्यात कचारगडला माघ पौर्णिमेच्या यात्रेत देशभरातले गोंड भाविक येतात आणि सतरंगी झेंडे घेऊन डोंगर चढतात. दिवाळी झाली की झाडीपट्टीत गावोगावी मंडई भरते. गोवारी समाजाची माणसे मोरपिसांनी सजवलेली उंच ढाल नाचवत वाजतगाजत येतात. त्या ढालीलाही निशाणाइतकाच मान असतो. त्याच माणसांची मुले १५ ऑगस्टला ग्रामपंचायतीसमोर तिरंग्याला सलामी देतात. त्यांना यात विरोध वाटत नाही, आणि जयपालसिंगांनाही तो वाटला नव्हता.

बाबासाहेबांचे नाते तर आमच्या जिल्ह्याशी आणखी एका प्रकारे आहे. १९५४ साली ते भंडारा लोकसभा मतदारसंघाच्या पोटनिवडणुकीला उभे राहिले होते. गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यातच होते. वेगळा जिल्हा झाला तो १ मे १९९९ रोजी. झेंडा ठरवणाऱ्या समितीतला, राज्यघटनेच्या मसुदा समितीचा अध्यक्ष असलेला माणूस या मुलखात मत मागायला आला आणि हरला. दोन वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपूरला धम्मदीक्षेचा सोहळा झाला. त्यानंतर आमच्या भागातल्या हजारो घरांत चक्राला जो अर्थ आला तो कोणत्याही ठरावाने दिलेला नाही. तो लोकांनी घेतला.

चौथे उत्तर : १९२३

येथवर आलेली तिन्ही उत्तरे रंग आणि चिन्हांबद्दलची आहेत. पण झेंडा हे कापड आहे. त्याला राष्ट्राचा झेंडा कशाने केले? समित्यांनी नक्कीच नव्हे, कारण १९२१ चा झेंडा काँग्रेसने विधिवत ठराव करून स्वीकारलेलाही नव्हता. त्याला राष्ट्राचा झेंडा केले ते १९२३ सालच्या झेंडा सत्याग्रहाने, आणि हा सत्याग्रह जबलपूर आणि नागपूरला झाला.

काळ मोठा निराशेचा होता. चौरीचौऱ्यानंतर असहकार थांबला होता. १८ मार्च १९२२ रोजी गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा होऊन ते येरवड्याला गेले होते. काँग्रेसमध्ये कायदेमंडळात जावे की न जावे यावरून दोन तट पडले होते. अशा वेळी जबलपूरच्या नगरपालिकेच्या इमारतीवर झेंडा लावण्याचा प्रश्न निघाला. सरकारने मनाई केली. गांधीजींच्या शिक्षेला वर्ष झाले त्या दिवशी, १८ मार्च १९२३ रोजी, लोकांनी मिरवणूक काढून झेंडा लावला. पंडित सुंदरलाल यांना अटक झाली.

मग नागपूर. १३ एप्रिल १९२३, जालियनवाला बागेच्या हत्याकांडाचा स्मृतिदिन. झेंडे घेतलेली मिरवणूक शहरातून सिव्हिल लाइन्सकडे निघाली. सिव्हिल लाइन्स म्हणजे गोऱ्या साहेबांची वस्ती. पोलिसांनी मिरवणूक हद्दीवर अडवली, मारहाण केली. माणसांना रस्ता खुला होता, झेंडा घेतलेल्या माणसाला नव्हता. जमनालाल बजाज यांच्या नेतृत्वाखाली १ मेपासून रीतसर सत्याग्रह सुरू झाला. रोज स्वयंसेवकांची लहानशी तुकडी झेंडे घेऊन निघायची, सिव्हिल लाइन्सच्या हद्दीवर थांबवली जायची, पुढे पाऊल टाकायची आणि पकडली जायची. दुसऱ्या दिवशी दुसरी तुकडी. घोषणा थोड्या, शिस्त मोठी.

१७ जूनला जमनालालजींना अटक झाली. अठरा महिन्यांची कैद आणि तीन हजार रुपये दंड. दंड भरायचा नाही म्हटल्यावर त्यांची मोटार जप्त झाली. तिच्या लिलावात बोली लावायला नागपुरात कोणी पुढे येईना. विनोबा या सत्याग्रहात तुरुंगात गेले. डॉ. हर्डीकर हुबळीहून आले आणि तुरुंगात गेले. झेंडा शिस्तीने वागवणारे दल हवे हा विचार घेऊनच ते बाहेर पडले आणि त्यातून हिंदुस्थानी सेवादल निघाले. कवयित्री सुभद्राकुमारी चौहान येथे अटक झालेल्या पहिल्या स्त्री सत्याग्रही मानल्या जातात. जमनालालजींनंतर सूत्रे वल्लभभाई पटेलांकडे आली. गुजरात, बिहार, मद्रास, संयुक्त प्रांत, सगळीकडून स्वयंसेवकांच्या गाड्या नागपूरला लागत. दीड हजारांवर माणसे पकडली गेली.

आमच्या बाजूने पाहिले तर या सत्याग्रहाचा नकाशा घरचाच आहे. जबलपूरहून नागपूरला येण्याचा रेल्वेचा एक मार्ग गोंदियावरूनच होता. अरुंद मापाच्या गाडीने गोंदियाला यायचे आणि तेथून बंगाल-नागपूर रेल्वेने नागपूर गाठायचे. रस्ता म्हणाल तर नागपूरहून पूर्वेला रायपूरकडे जाणारा ग्रेट ईस्टर्न रोड आमच्या तालुक्यातून जातो. त्या सडकेवरूनच सडक अर्जुनीला 'सडक' हे नाव लागले, आणि अर्जुनी मोरगावहून तिची ओळख वेगळी झाली. आज कोहमाऱ्याच्या चौकातून ट्रक धावतात तो हाच रस्ता.

१८ ऑगस्ट १९२३ रोजी शेकडो हातांतले झेंडे घेऊन मिरवणूक सिव्हिल लाइन्समधून गेली आणि पोलिसांनी ती अडवली नाही. पुढच्या काही दिवसांत कैदी सुटले. या मिरवणुकीसाठी परवानगी मागितली होती की नुसती माहिती दिली होती, यावर नंतर सरकारपक्ष आणि वल्लभभाई यांच्यात वाद झडला. आज तो वाद क्षुल्लक वाटेल. पण सगळा सत्याग्रह त्याच एका शब्दावर उभा होता. परवानगी मागितली तर झेंडा सरकारच्या कृपेचा. न मागता नेला तर तो नागरिकाच्या हक्काचा.

यातली एक गोष्ट मनात ठसते. या साडेतीन महिन्यांत तुरुंगात गेलेल्या दीड हजार माणसांपैकी कोणी केशरीसाठी, कोणी हिरव्यासाठी गेले नाही. भांडण रंगांच्या अर्थाचे नव्हतेच. सार्वजनिक रस्त्यावरून झेंडा घेऊन सरळ चालत जाता आले पाहिजे, एवढीच मागणी होती. साहेबाच्या बंगल्यासमोरचा रस्तासुद्धा आमचा आहे, हा त्या झेंड्याचा अर्थ होता. म्हणून मी याला चौथे उत्तर म्हणतो. १९४२ मध्ये नंदुरबारला हातात तिरंगा घेऊन शिरीषकुमार मेहता हा शाळकरी मुलगा गोळ्यांपुढे उभा राहिला, तोही याच अर्थाने.

हक्क, कापड आणि आपण

यानंतर काय झाले हे सांगितले पाहिजे, कारण ते फारसे सांगितले जात नाही. स्वातंत्र्य मिळाल्यावर झेंडा पुन्हा साहेबाच्या बंगल्यावर गेला. सामान्य नागरिकाला ठरावीक राष्ट्रीय दिवस सोडून आपल्या घरावर तिरंगा लावण्याची मोकळीक नव्हती. झेंड्याचा अवमान होऊ नये हा हेतू चांगला होता, पण परिणाम असा झाला की ज्या झेंड्यासाठी नागरिक तुरुंगात गेले तो कचेऱ्यांचा झाला.

हा प्रश्न पुन्हा उभा राहिला तोही आपल्याच जुन्या मुलखात. गोंदियाहून हावड्याकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर रायगढ लागते. तेथील आपल्या कारखान्यावर नवीन जिंदल रोज तिरंगा लावत. बिलासपूरच्या आयुक्तांनी हरकत घेतली आणि प्रकरण न्यायालयात गेले. २६ जानेवारी २००२ पासून नवी ध्वजसंहिता येऊन सर्व दिवस झेंडा लावण्याची मुभा मिळाली. २३ जानेवारी २००४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की सन्मानपूर्वक राष्ट्रध्वज फडकावणे हा नागरिकाच्या अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे. १९२३ च्या मिरवणुकीत मागितलेल्या हक्काला देशाच्या सर्वोच्च न्यायालयाची मोहोर लागायला एक्याऐंशी वर्षे लागली.

कापडाचीही अशीच कहाणी आहे. चरख्याचे चित्र झेंड्यावरून गेले तरी चरखा कापडात राहिला होता. झेंडा हाताने कातलेल्या, हाताने विणलेल्या खादीचाच असला पाहिजे असा नियम होता. भारतीय मानकांच्या यादीत पहिला क्रमांक राष्ट्रध्वजाचा आहे. हुबळीजवळच्या बेंगेरी येथील खादी संघात आणि आपल्याकडे नांदेडच्या मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीत असे झेंडे तयार होतात. भंडाऱ्याकडच्या कोष्ट्यांच्या मागावर कोसा विणताना ज्यांनी पाहिला आहे त्यांना हाताच्या कापडामागची मेहनत ठाऊक आहे. ३० डिसेंबर २०२१ च्या दुरुस्तीने यंत्रावरच्या कापडाला आणि पॉलिस्टरलाही परवानगी मिळाली. २०२२ च्या ऑगस्टमध्ये घरोघरी झेंडे लागले ते त्यामुळेच. गरिबाच्या घरावर झेंडा पोहोचला, हे मी कमी मानत नाही; १९२३ चा हक्क झोपडीपर्यंत गेला. पण ठरावातले चक्र ज्या चरख्याचे प्रतीक होते, त्याचा शेवटचा धागाही त्यामुळे सैल झाला. मिळाले काय आणि सुटले काय, दोन्ही नोंदवणे अभ्यासकाचे काम आहे.

राहता राहिला मूळ प्रश्न. चौकात मिळणाऱ्या पहिल्या उत्तराची मला काळजी वाटते, आणि ती पुस्तकी काळजी नाही. कोहमाऱ्यासारख्या गावात शाळेच्या एकाच रांगेत गोंड, गोवारी, ढिवर, पोवार, कुणबी, बौद्ध, मुसलमान घरांतली मुले उभी राहतात. रंग धर्मांचे म्हटले तर त्यातल्या एखाद्या मुलाला वाटते की झेंड्याचा एकच पट्टा माझा, आणि दुसऱ्याला वाटते की यात माझा पट्टाच नाही. गोंड मुलाने कोणता पट्टा आपला म्हणावा? हीच अडचण १९३१ साली पुढाऱ्यांपुढे आली होती आणि त्यांनी ती सोडवली होती. ती आपण पुन्हा उकरून काढण्याचे कारण नाही.

म्हणून आमच्या भागातल्या शिक्षकमित्रांना मी एक सुचवत असतो. रंगांचे अर्थ शिकवाल तेव्हा त्यांच्या तारखाही शिकवा. १९२१ ला काय म्हटले, १९३१ ला ते का बदलले, १९४७ ला ठरावात काय लिहिले आणि काय लिहायचे टाळले, हे चौथीच्या मुलालाही समजते. आणि १५ ऑगस्ट झाला की तीन दिवसांनी १८ ऑगस्ट येतो. त्या दिवशी नागपूरच्या झेंडा सत्याग्रहाची गोष्ट वर्गात सांगा. सोबत नकाशा घ्या. जबलपूर, गोंदिया, नागपूर या तीन गावांवर मुलांना बोट ठेवायला लावा, मग नागपूरहून रायपूरकडे येणारी सडक दाखवा. ती आपल्या गावातून जाते, हे मुले स्वतःच ओळखतील.